हात न लावता

पैज मी जिंकलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

(जिंकले म्हणे.)

कंसातलं बोलणं बायकोचं. मी मोठ्याने वाचत लिहितोय, ती ऐकतेय, आणि तिचा एकही शब्द गाळायचा नाही अशी तिची अट आहे. तिच्या अटींवरच ही गोष्ट उभी आहे.

धंदा माझा मशीन दुरुस्तीचा. पंप, मिक्सर, वॉशिंग मशीन, जे म्हणून घरघरतं ते सगळं. घरच्या बाल्कनीत माझ्या जुन्या मोटारींचा संसार आहे. तर मुलीने आम्हा दोघांना दोन दिवस एका हॉटेलात आरामाला पाठवलं. स्पा, रेस्टॉरंट, सगळं आतच. निघताना बायको म्हणाली, "तिथे एकाही मशीनला हात लावलात, तर बाल्कनी रिकामी. सगळं भंगारात. मी तिथे कुंड्या ठेवणार."

"आणि नाही लावला तर?"

"तर बाल्कनीबद्दल जन्मात चकार शब्द काढणार नाही."

"ठरलं," मी म्हणालो. दोन दिवस म्हणजे काय, हसत हसत काढीन.

(मोज्यात टेस्टर निघाला.)

तो सवयीने गेला होता.

(दाढीच्या डब्यात पक्कड.)

असो. पुढे.

हॉटेल फार मायाळू. मॅनेजर दारातच उभा, आम्ही त्याचे सख्खे मामा-मामी असल्यासारखा. "काका, अगदी आपलं घर समजा."

"नका हो असलं काही सांगू यांना," बायको म्हणाली.

खोली. पलंग मऊ, पडदे जाड, आणि कोपऱ्यातला फ्रिज बाटलीत कोंडलेल्या भुंग्यासारखा गुणगुणत होता. भिंतीला टेकलेला. चार बोटं पुढे ओढला की गप्प बसला असता. दुपारभर मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. फ्रिज घरघरत होता, शेजारी बायको घोरत होती, आणि दोघांपैकी कुणालाही हात लावायची सोय नव्हती.

(मी घोरत नाही.)

स्पा. तिथल्या मालिशवाल्या बाईंनी आधी बायकोच्या तोंडाला कसलासा राखाडी लेप थापला, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या, "मी येईपर्यंत हलू नका, बोलू नका," असं बजावलं आणि शेजारच्या खोलीत माझ्याकडे आल्या. मला पांढरा झगा दिलेला. तो काढून टेबलावर पालथं पडायचं आणि तोंड टेबलाच्या भोकात घालायचं. त्या भोकातून मला दिसत काय होतं? टेबलाचा पाय. आणि त्या पायाचा सैल नट. बाई पाठ दाबायच्या, पाय कुईं करायचा, आणि दर कुईंला माझे खांदे लाकडासारखे व्हायचे.

"काका, अंग फार आवळलंय. कसलं टेन्शन आहे?"

"त्या नटचं," मी भोकातून म्हणालो.

आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. हात लावायचा नाही असं ठरलं होतं. जिभेबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं!

"बाई, पाना आणा आणि खाली वाका."

"मला नाही जमायचं, काका."

"खांद्यातली गाठ सोडवता ना? तसंच. फक्त उलटं, आवळायचं."

बाईंनी आवळलं. टेबल गप्प. बाईंना इतका आनंद झाला की त्या वाफेच्या खोलीवाल्याला बोलावून घेऊन आल्या. त्याच्या खोलीत वाफेचा पत्ता नव्हता. मी झगा चढवला, हात पाठीमागे बांधले आणि निघालो. "क्षार साचलाय. व्हिनेगर आणा." व्हिनेगर घेऊन आला रेस्टॉरंटचा आचारी. वाफ सुटल्यावर तो मला सोडीना. त्याचं भांडी धुण्याचं मशीन पाणी गिळत नव्हतं. मग त्याच्याकडे. "जाळी काढा. अहो, त्यात अख्खा चमचा आहे." पुढे मी, मागे पाना घेतलेल्या बाई, वाफवाला, आचारी आणि एक वेटर, अशी वरात रेस्टॉरंटमधून चालली होती. माझे हात पाठीमागेच.

पांढरा झगा आणि मागे एवढा लवाजमा बघून एका गुबगुबीत पाहुण्याने मला अडवलं. "डॉक्टर, माझी कंबर."

आता काय सांगणार? मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. "वाकताना आवाज येतो?"

"येतो."

"गरम होते?"

"संध्याकाळी."

"याआधी कुणी उघडलीय?"

"छे हो."

"मग दोन दिवस बंद ठेवा आणि हळूहळू चालू करा."

"पहिल्यांदाच कुणीतरी नीट चौकशी केली," असं म्हणत तो गेला. लगेच त्याच्या मागच्या बाईंनी आपला गुडघा पुढे केला.

आणि दारात बायको.

लेप वाळून कडक झालेला. मालिशवाल्या बाई माझ्यामागे हिंडत होत्या, मग पुसणार कोण? तोंड उघडता येत नव्हतं. डोळे मात्र उघडे होते. मी दचकलो, मग सावरलो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला माझी बाजू शेवटपर्यंत मांडता येणार होती, आणि मी ती मांडली.

"मी कशालाही हात लावलेला नाही. विचार या सगळ्यांना."

"नाही लावला," बाई म्हणाल्या.

"पाठीमागेच होते," आचारी म्हणाला.

"कंबरेलासुद्धा नाही लावला," गुबगुबीत पाहुणा लांबून ओरडला.

सगळ्या रेस्टॉरंटने टाळ्या वाजवल्या. बायकोच्या गालावरच्या लेपाला एक लांब तडा गेला. रागाने, असं मला वाटलं.

(हसू दाबत होते.)

तर बाल्कनी माझी राहिली. मोटारी जिथल्या तिथे. बायकोने शब्द पाळला, घरी आल्यापासून बाल्कनीबद्दल अक्षर काढलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फक्त एक खुर्ची उचलली आणि बाल्कनीत, माझ्या मोटारींच्या बरोब्बर मधे टाकली. तिथली खिडकी स्वयंपाकघरात उघडते.

"आता माझे दोन दिवस," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातल्या एकाही वस्तूला हात लावणार नाही."

"मग स्वयंपाक?"

"मी सांगते ना."

आणि तिने हात पाठीमागे बांधले.

हे मी ओट्यावर वही ठेवून लिहितोय. एका हातात पेन, दुसऱ्यात डाव. दोन दिवस नेमके कधी संपतात, तेवढं विचारून घ्यायचं राहून गेलं.

(गॅस बारीक करा.)