वाटणीतली वाट

रामकिसन जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होता. दुसऱ्यांच्या वाटण्या बघून बघून त्याचं ठाम मत झालं होतं, की नीट पोटहिस्से पाडले की जगातली कुठलीही भानगड मिटते. (कचेरीत अशा मिटलेल्या भानगडींच्या तारखा अजून चालू होत्या, पण ते जाऊ द्या.)

नांदूरघाटच्या त्याच्या घरात खालच्या मजल्यावर बायको, वनमाला, शिवणक्लास चालवायची. आता ती पहिल्यांदाच ऑनलाइन ब्लाउजचं कटिंग शिकवणार होती. पार शिरूर कासारपर्यंतच्या बायकांनी नावं दिली होती. पण ती सरावाला बसली की वर सासूबाई, वच्छलाबाई, वायफायवर मालिका लावत, आणि इकडं वनमालाची कात्री पडद्यावर कापडात अर्ध्यातच थिजायची. सासूला बोलायची सोय नव्हती, कारण मालिकेतली सून त्याच आठवड्यात बेशुद्ध पडली होती.

रामकिसननं ठरवलं, नेटवर्कचेच दोन हिस्से पाडायचे, दोन्हीकडं निम्मा निम्मा वेग. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि केजहून रईसच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नेटवर्कचे फाटे फोडणारा एक स्विच आणला. बसवणार कोण, असं रईसनं विचारलं. मीच, असं रामकिसननं सांगितल्यावर रईस काहीच बोलला नाही. (दुकानदार गप्प बसला की माणसानं सावध व्हावं. रामकिसन खूश झाला.)

शनिवारी संध्याकाळी काम झालं. मोहीम फत्ते झाल्यासारखा तो जिन्यात उभा राहिला आणि खाली ओरडून बायकोला म्हणाला, "झाली वाटणी! वरचं वेगळं, खालचं वेगळं. आता यांचं त्यांना दिसायचं न्हाई, अन् त्यांचं यांना न्हाई!"

वर वच्छलाबाईंनी मालिका बंद केली. त्यांनी दिंद्रुडला थोरल्या मुलाला, सुंदररावांना, फोन लावला आणि एवढंच सांगितलं की धाकट्यानं घर वाटलं, मला वर टाकलं.

रविवारी दुपारी क्लास होता. सकाळी वनमालानं लॅपटॉप उघडला, तर कटिंगच्या टेबलावरचा कॅमेरा त्यात दिसेना. रामकिसननं तपासलं. कॅमेऱ्याची वायर भिंतीतून वर जात होती, त्यामुळं तो वरच्या हिश्श्यात गेला होता. मापांचे कागद छापायचा प्रिंटरही वरच राहिला होता.

"मंग वायरी खाली घ्या की," वनमाला म्हणाली.

तसं केलं असतं तर दहा मिनिटांत काम भागलं असतं. पण तज्ज्ञ माणूस वायरी हलवत नसतो. तो म्हणाला, दोन्ही हिस्से राहू दे, मी राऊटरमधून एकमेकांकडं जायचा रस्ता काढतो. त्यानं राऊटरला दोन्ही हिस्सेदारांची ओळख करून दिली, लॅपटॉपला गेटवे, म्हणजे हिश्श्याबाहेर पडायचं दार, म्हणून राऊटरचा पत्ता दिला, आणि कॅमेऱ्याला हाक मारली. कॅमेरा गप्प. पुन्हा मारली. गप्प. वनमाला इस्त्री हातात घेऊन त्याच्याकडं बघत होती, आणि इस्त्री गरम होती.

एवढ्यात दारात जीप थांबली. सुंदरराव भावकीतली दोन वडीलधारी माणसं घेऊन उतरले आणि चप्पल काढताच त्यांनी विचारलं, "वाटणी कावून केली बे?"

"करावी लागली, भाऊ. वरच्यांमुळं खालच्यांना लई तरास व्हायला लागला."

जिन्यात बसलेल्या वच्छलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. एका भावकीवाल्यानं खोल श्वास घेतला. सुंदररावांनी जिन्याकडं पाहिलं, खालच्या दाराकडं पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं, केली तर केली. पण वाट ठेवली का?"

"ठेवली ना. सकाळपासून तेच करतोय."

"खालच्याला वर जायला हाय. वरच्याला खाली यायला?"

रामकिसननं कपाळाला हात लावला. लॅपटॉपला त्यानं गेटवे दिला होता. कॅमेऱ्याला आणि प्रिंटरला दिलाच नव्हता! हाक वर पोचत होती, बिचाऱ्यांना उत्तर द्यायला रस्ता नव्हता. तो धावत वर गेला. वच्छलाबाईंना वाटलं, लेक पाया पडायला आला. त्यांनी पाय पुढं केले. तो त्यांना ओलांडून प्रिंटरकडं गेला.

थोड्या वेळानं प्रिंटर घरघरला आणि खाली पडद्यावर टेबल दिसलं. मग वाटणीचा उलगडा झाला. भावकीवाल्यांची जरा निराशाच झाली. क्लास मात्र झकास झाला. वनमालाची कात्री एकदाही थिजली नाही, आणि वच्छलाबाईंनी सून शुद्धीवर येईपर्यंत मालिका पाहिली.

पाहुण्यांनी जेवताना वायफाय मागितलं. वनमालानं नवऱ्याला पाहुण्यांसाठी तिसरा हिस्सा काढायला लावला. तो आनंदानं कामाला लागला. काम झाल्यावर तिनं राऊटरचा पासवर्ड बदलायचा म्हणून लॅपटॉप आपल्याकडं ओढला, आणि त्याला तोंड फिरवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रामकिसनचा फोन घरच्या वायफायला लागेना. क्लासच्यालाही लागेना.

"तुमचा फोन पाव्हण्यात टाकलाय," वनमाला म्हणाली. "तिथं बिघडवण्यासारखं काईच न्हाई."

सुंदरराव आणि मंडळी त्याच संध्याकाळी दिंद्रुडला परत गेली. पाहुण्यांच्या वायफायवर आता एकटा रामकिसनच आहे.