तिसऱ्या गल्लीचा रेट

आमच्या कॉलनीत सामानाचा ट्रक आला की बाकीचे लोक सोफा बघतात. बोरकरकाका मात्र नव्या भाडेकरूला गाठून पहिला प्रश्न टाकतात, "जिल्हा कोन्ता?" नाव, नोकरी वगैरे चौकशी नंतर, आणि तीही मूड असेल तर.

नवं राज्य झालं तेव्हा काका भोपाळहून रायपूरला आले. सगळी नोकरी सांख्यिकी खात्यात. कोणत्या जिल्ह्यातून किती माणसं गेली, कुठे किती आली, हे मोजण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर राज्य हातचं गेलं, म्हणून त्यांनी कॉलनी घेतली. चार गल्ल्या म्हणजे चार जिल्हे. एक जाड रजिस्टर. आवक निळ्या पेन्सिलीनं, जावक लाल. आवकेतून जावक वजा केली की निघायचा त्या गल्लीचा रेट.

माझ्या धाकट्या भावानं सिलतऱ्याला कारखान्याजवळ खोली घेतली, तेव्हा काका माझ्यावरच उखडले. "काहून जाऊ दिलं? दुसऱ्या गल्लीचा रेट पाडून टाकला तुम्ही!" समोरच्या साहूंच्या मुलीची पाठवणी चालली होती, आई रडून बेजार, आणि काका मांडवात उभ्या उभ्या म्हणाले, "जावक एक." शेजारी बाळ झालं तर पेढा खाल्ला, पण नोंद? छे! "पोट्टा कोन्त्या जिल्ह्यातून आला, सांग बरं!"

त्यांचा एक नियम होता. "सहा महिने घरी नाई राहिला, तं गेला समज." त्याला दयामाया नव्हती. माझी बहीण नागपूरला शिकायला गेली. सहा महिने भरले त्या सकाळी काका लाल पेन्सिल घेऊन दारात हजर! आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि रजिस्टर माझ्याकडे आलं. मी वाचायचो, ते सांगतील तशी दुरुस्ती करायचो. तिसऱ्या गल्लीत त्यांचंच घर लागलं. काकू वारल्याला बरीच वर्षं झाली. तरी हजर माणसं दोन लिहिलेली: स्वतः काका आणि विवेक. विवेक म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला पुण्याला जाऊन चार वर्षं झाली.

"काका, विवेक इथे कसा?"

"दिवाळीले येते ना तो."

"चार दिवस! आणि तुमचा सहा महिन्यांचा नियम?"

डोळ्यावरच्या पट्टीला हात लावत काका म्हणाले, "परवा फोन आला होता त्याचा. म्हने, पापा, अब इधर ही आ जाओ, उधर है कौन? मी म्हटलं, तू हाय ना रजिस्टरात."

त्यांनी चाचपडत लाल पेन्सिल शोधली आणि माझ्यापुढे धरली. "पण नियम तं नियम. काट."

ज्या रजिस्टरला आम्ही वर्षानुवर्षं हसत होतो, त्यात हा माणूस आपलं एक नाव जपून बसला होता. मी पेन्सिल घेतली आणि खिशात घातली.

"राहू द्या, काका. तिसऱ्या गल्लीचा रेट पडेल."

"हव," काका म्हणाले. "दिवाळीपर्यंत तं राहूच दे."