दादांसाठी राखलेलं भोक

श्रावणनं नागपूरहून ड्रिल मशीनला लावायचं नवं साधन आणलं आणि लेकीच्या लग्नात द्यायचा लाकडी दिवाण अडला. साधन तसं साधं होतं. धारदार कडांची चौकोनी नळी आणि तिच्या पोटात फिरणारं ड्रिल. हँडल ओढलं की ड्रिल मधलं लाकूड काढी, नळी कोपरे कापी, आणि सागवानात लख्ख चौकोनी भोक पडे.

अडवलं ते कवडूदादांनी. रोहणा गावी राहणाऱ्या या थोरल्या भावानंच श्रावणला सुतारकाम शिकवलं होतं. सोयरिकीच्या बैठकीत ते चारचौघांत म्हणाले, "गोल फिरते थे चौकोनी भोक कसं पाडीन रे? फसवलं तुले नागपूरवाल्यानं."

लोक हसले. श्रावणही हसला, पण ते त्याला फार लागलं. दादांनी येऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आता त्याच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

दादा आले नाहीत, पण श्रावणचं गाव, अख्खी नालवाडी, पाहायला आली. शेजारचे बापूराव म्हणाले, "दाखव बरं." श्रावणनं दिवाणाचा पाया मशीनखाली धरला. नाहीतरी तिथे भोक पाडायचंच होतं. मग आनंदाबाई आल्या आणि त्यांनी भोकात बोट फिरवलं. "अवं माय! कोपरे हायेत खरंच!"

त्यानंतर प्रेक्षक असल्याशिवाय भोक पाडायला श्रावणचं मन घेईना. दिवाणाची प्रगती पाहुण्यांवर अवलंबून राहिली. शेवटी बापूराव जावयाला घेऊन आले तेव्हा श्रावणच्या ध्यानात आलं, की चौथ्या पायाचं एकच भोक उरलंय.

"जावईबापूले नुसतं हँडल दाखवा," तो म्हणाला. "हे भोक दादाचं हाय."

हे ऐकून त्याची बायको कांता बाहेर आली. "लग्न परवा हाय. पोरीले तीन पायाच्या दिवाणावर निजवता का?"

"दादाले निरोप धाडला हाय."

"अन् भासरे नाई आले तर?" कांतानं थोरल्या दिरांबद्दल विचारलं.

"येईन थो."

"मशीन तुमची, भोक भासऱ्याचं," कांता म्हणाली, "मंग पोरगी कोणाची हाय?"

श्रावण खजील झाला. तरी त्यानं त्या जागी पेन्सिलीनं खूण केली आणि पाया फडक्यात गुंडाळून ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दादा आले. काखेत पिशवी होती. पाणीही न पिता म्हणाले, "दाखव." आवाजात टोमणा नव्हता. म्हातारा खरोखर पाहायला आला होता. श्रावणनं पाया पक्का आवळला, हँडल धरलं, बटण दाबलं आणि लाइन गेली.

त्या वर्षी भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून येई, पण लाइन काही पेपर वाचत नसे. दोघं चहा पीत बसले. पुन्हा चहा झाला. नवरी मुलगी रोशनी दारात आली, त्या पायाकडे पाहून आत गेली. दादांनी ते पाहिलं. त्यांनी पिशवीतून आपलं जुनं किकरं काढलं, भोकं पाडायची ती जाड पटाशी.

"हातोडा आण."

"दादा, थांब नं जरासा. लाइन येईन."

"पोरगी उद्या जाऊन राह्यली. थे थांबीन का लाइनसाठी?"

दादांचा हात चालू लागला. शिकाऊ असताना धरायचा तसं श्रावणनं लाकडाचं दुसरं टोक धरलं. छिलके उडत होते आणि त्याला फार बरं वाटत होतं. मशीनची त्याला आठवणही झाली नाही. दोन ठोक्यांत आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे तिचं चौकोनी तासलेलं टोक, भोकात बसलं, दिवाण चारही पायांवर उभा राहिला.

तेवढ्यात लाइन आली. बटण चालूच राहिलं होतं. ड्रिल घरघरत फिरू लागलं. दादांनी वाकून पाहिलं, पण खाली लाकूडच नव्हतं. श्रावणनं बटण बंद केलं.

लग्नात केळझरच्या व्याह्यांनी तोच विषय काढला. "गोल ड्रिलनं चौकोनी भोक म्हणे! कायच्या गप्पा मारता, श्रावणभाऊ?"

श्रावणनं मान खाली घातली.

"गप्पा काऊन?" कवडूदादा सगळ्यांना ऐकू जाईल असे कडाडले. "म्या माह्या डोयानं पाह्यलं. या इकडं." त्यांनी व्याह्यांना ओढत दिवाणापाशी नेलं आणि नेमका चौथ्या पायाच्या सांध्यावर हात ठेवला.

"हे पाहा मशीनचं काम. सुई तरी जाते का यातून? सांगा, हातानं असं होते का कधी?"

व्याह्यांनी सांधा निरखला आणि हातानं असं होत नाही हे कबूल केलं. श्रावणनं दादांच्या ताटापाशी खुर्ची ओढली आणि स्वतः वाढायला उभा राहिला.