फूल कोणाचं?

दुहेरी बॅडमिंटनमध्ये फूल दोघांच्या मधोमध आलं, की एकाने ‘माझं’ म्हणून ओरडायचं आणि दुसऱ्याने मुकाट्याने बाजूला व्हायचं, अशी रीत आहे. अशाच एका जोडीतला एक जाळीपाशी खेळे, म्हणून तो पुढचा. दुसरा मागे, म्हणून तो मागचा. विशीपासून दोघांचा संसार या एका शब्दावर चालला होता. पुढचा तर झोपेतही ‘माझं’ म्हणून ओरडे आणि बायकोचं पांघरूण ओढून घेई.

मग महासंघाला जबाबदारीचा साक्षात्कार झाला. गुण जोडीला मिळतात हे ठीक, पण चूक नेमकी करतो कोण? सखोल विचारविनिमयानंतर ‘अंतिम स्पर्श तत्त्व’ लागू करण्यात आलं. फूल जाळीत अडकलं किंवा बाहेर गेलं, तर ज्याच्या रॅकेटला शेवटचं लागलं त्याची चूक. आणि कोणीच हात न लावता ते जमिनीवर पडलं तर? ही बाब नैसर्गिक मानण्यात यावी, असं समितीने चहा संपता संपता ठरवलं.

पुढचा मुळातच हुशार. पुढच्याच सामन्यात मधोमध फूल आलं, तेव्हा त्याच्या तोंडून ‘तुझं’ निघून गेलं. मागचा पडला भोळा सांब. दिसेल त्या फुलामागे धावायचा, गुडघे फोडून घ्यायचा. जोडी जिंकत होती त्याच्या जिवावर, आणि चुकाही साचत होत्या त्याच्याच नावावर.

हंगाम संपल्यावर दोघांना समितीपुढे बोलावलं. संघात एकालाच ठेवायचं होतं.

“उपांत्य फेरीतलं ते शेवटचं फूल,” अध्यक्षांनी विचारलं, “कोणाचं होतं?”

ते पुढच्याचं होतं. चक्क नाकासमोरून गेलं होतं, आणि मागच्याने धावत येऊन ते जाळीत मारलं होतं. ‘माझं’ त्याच्या ओठांवर आलंही, पण सोबत संघातली जागाही डोळ्यांपुढे आली.

“त्याचं,” तो म्हणाला.

मागच्याने शांतपणे बॅग खांद्यावर टाकली. “मला वाटलं होतं, निदान इथे तरी ओरडशील.”

पुढच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लगेचच त्याला ‘निर्दोष खेळाडू’ हा किताब मिळाला आणि जरा बरं वाटलं.

त्याला नवा जोडीदार दिला, तोही तितकाच निर्दोष. निर्दोष जोडी म्हणून पुढच्या हंगामात त्यांना थेट अंतिम सामन्यात घेतलं. प्रतिस्पर्ध्यांनी सर्व्हिस केली. “तुझं,” पुढचा म्हणाला. “छे हो, तुमचंच,” जोडीदार अदबीने म्हणाला. फूल नैसर्गिकरीत्या पडलं. दुसरंही पडलं. गुण ज्याचा, सर्व्हिस त्याची, त्यामुळे या दोघांवर सर्व्हिस करायची पाळीच आली नाही. दोन्ही गेम शून्यावर हरले आणि चूक एकही नाही! असा स्वच्छ खेळ पूर्वी झाला नव्हता, म्हणून अध्यक्ष उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून सगळे प्रेक्षक उभे राहिले.

शेवटचं फूल हवेत असताना मात्र वरच्या रांगेतून कोणीतरी कळवळून ओरडलं होतं, “माझं!”

तो आवाज पुढच्याने ओळखला. त्याने मान वर केली नाही. खेळात व्यत्यय आणल्याबद्दल मागच्याला दंडाला धरून बाहेर नेलं. आता कोणीतरी बोलेल, म्हणून प्रत्येक प्रेक्षकाने शेजाऱ्याकडे पाहिलं.

हसताय? हसा. तुमच्या जिन्यातला दिवा गेलाय ना? रोज चाचपडत वर चढता. ‘बदलायचा कोणी?’ म्हटलं, की लगेच समोरच्या दाराकडे बोट.