भाऊजींची सरळ जागा

मुलगी पाहायला गेल्यावर लोक तिला स्वयंपाक येतो का विचारतात, चालून दाखव म्हणतात. आमच्या रघुनाथ भाऊजींनी अंबडच्या एका मुलीला आपलं नाव आधी हळू सांगायला लावलं आणि मग त्याच्या दुप्पट मोठ्यानं. बिचारीनं सांगितलं. भाऊजींनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि मुलीच्या वडलांना म्हणाले, "हळू बोलल्या तवा बराबर होतं. मोठ्यानं बोलल्या तवा वरून चेपलं." वडलांना वाटलं, यांनी मुलीच्या नाकात खोट काढली. आतून चहा यायचा होता, तो आलाच नाही. परतीच्या मोटारीत माझे यजमान त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि का बोलले नाहीत हे भाऊजींना कधी कळलं नाही. त्यांचं लग्न पुढे शेवटपर्यंत झालं नाही.

भाऊजी माझे धाकटे दीर. जालन्यात मस्तगडाला आमच्या दोन खोल्या होत्या. त्यांत मी, सरकीच्या आडतीवर काम करणारे माझे यजमान आणि सासूबाई. मूळचं आमचं घराणं बदनापूरकडचं, शेतीवाडीचं. भाऊजी तेवढे लढाईच्या काळात फौजेत जाऊन वायरलेसचं काम शिकून आले आणि औरंगाबादेकडे रेडिओच्या केंद्रावर लागले. सुटीच्या दिवशी रेल्वेनं घरी यायचे. येताना इतरांचे दीर पेढे आणत; आमचे तारांचं भेंडोळं आणत.

ते नेमकं काय काम करतात, हे मला लग्न होऊन बरेच दिवस झाले तरी माहीत नव्हतं. एकदा भाजी चिरता चिरता विचारलं. मग काय, भाजी करपेपर्यंत सांगत बसले.

गाणाऱ्याचा आवाज म्हणे नुसता तारेवर चढत नाही. त्याला मोठं करत करत न्यावं लागतं, आणि सगळ्यांत शेवटी एक जबरदस्त अँप्लिफायर असतो. भोपळ्याएवढ्या काचेच्या नळ्या आणि आत लाल झालेली तार. त्याच्या जिवावर आवाज हवेतून जालन्यापर्यंत येतो.

"मंग त्याच्यात रोज काय बघता?" मी म्हणाले.

"तो सरळ हाय का न्हाई ते. असं बघा वहिनी, भाजीत चिमूटभर मीठ टाकलं, एवढी खारट. दोन चिमटी टाकलं, दुप्पट. इथवर सरळ. पण मूठभर टाकलं, जीभच बधिर झाली, मंग आणखी टाकून खारट लागंल का?"

"न्हाई लागणार."

"तिथं चेपलं. अँप्लिफायरचं बी तसंच. थोडं घाला, थोडं निघतं. दुप्पट घाला, दुप्पट निघतं. एका हद्दीनंतर तुम्ही कितीबी घाला, वरचं डोकं चेपतं आन् आवाज फाटतो. त्या हद्दीच्या आतली जी जागा, ती सरळ जागा. आमचं सगळं काम ती जागा शोधायचं."

आणि ती शोधायची रीत मोठी मजेची होती. एकाच वेळी दोन सूर आत सोडायचे. बाहेर दोनच निघाले तर अँप्लिफायर इमानदार. वाकडा असला तर त्या दोघांच्या दोन्ही अंगांना आणखी सूर उमटतात, जे कुणी वाजवलेलेच नसतात. ते जितके मोठे, तितका तो वाकडा.

मी म्हणाले, "म्हणजे आमच्या गल्लीत दोन बाया बोलल्या की दोघींनी न काढलेली तिसरीच गोष्ट गावभर होते, तसं?"

"बिलकुल तसं," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. त्यांना थट्टा कळत नसे. पुढच्या सुटीत त्यांनी मला सांगितलं की माझं हे उदाहरण त्यांनी केंद्रावर सगळ्यांना ऐकवलं.

एकदा केंद्रावर जुन्याच्या जोडीला नवा अँप्लिफायर आला. दोघांत सरस कोण हे ठरवायचं होतं. दुरून कसं ऐकू येतं हे पाहायला भाऊजी घरी येऊन आमच्या बॅटरीच्या रेडिओला कान लावून बसत, आणि तिकडे त्यांचा सोबती ठरल्या वेळी एक बंद करून दुसरा चालू करी. बोलायला सोपं म्हणून त्यांनी जुन्याला नाव ठेवलं सासू आणि नव्याला सून. पहिल्याच दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी मोठ्या गांभीर्यानं निकाल दिला, "सुनेचा आवाज दांडगा हाय, पण सरळ न्हाई." माझ्या यजमानांच्या हातातला घास हातातच राहिला. मी त्या दिवशी भाऊजींना ताक वाढलं नाही.

आठवड्यानं त्यांनी निकाल फिरवला. म्हणाले, चूक माझीच. सून पूर्ण जोरात आणि सासू बेतानं, अशी बरोबरी लावली होती. तोलायचं तर दोघींना आधी एका आवाजावर आणावं लागतं. सुनेचा जोर सासूइतका खाली आणला तर ती तितकीच सरळ निघाली. "कुणीबी सगळी ताकद लावली की वाकडंच जातं. ताकद राखून चालवायचं." हा नियम ते स्वतःलाही लावत. पोट भरायच्या आत ताटावरून उठत आणि अर्धी भाकरी तशीच ठेवत. सासूबाईंना वाटे, माझ्या हातच्या भाकरीला चव नाही. तसं त्या मला बोलूनही दाखवत.

सासूबाईंचं आता सांगायला हवं. त्यांना कमी ऐकू येई. कमी म्हणजे कसं, तर मी साध्या आवाजात विचारावं, "आत्याबाई, भाकरी वाढू का?" काही नाही. जरा चढ्या आवाजात विचारावं. काही नाही. मग सगळा जीव घशात आणून विचारलं की त्या दचकत आणि कपाळाला आठ्या घालून म्हणत, "वरडती कशाला? मी बहिरी हाय का?" तोवर भिंतीपलीकडून शेजारचे मारवाडी शेठजी म्हणत, "वाढा बाई, वाढा." शेठजी माणूस भला. आमच्या घरात काय शिजलं, काय संपलं, कुणाला खोकला झाला, सगळं त्यांना ठाऊक असे, आणि त्यात त्यांचा काहीच इलाज नव्हता.

मी ओरडून थकले. त्या ऐकून थकल्या. हळूहळू आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं आणि मग खुणांवर आलं. भाऊजी मात्र आले की त्यांच्या शेजारी मांडी घालून बसत आणि फार मोठ्यानं नाही, फार हळूही नाही, असे बोलत राहत. सासूबाई त्यांना उत्तरं देत, कधी हसतही. मी चुलीपाशी बसून मनात म्हणे, लेकाचं बरं ऐकू येतं. सुनेचंच तेवढं येत नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात भाऊजींची बदली हैदराबादला झाली. हैदराबाद संस्थानात तेव्हा लूटमार आणि धरपकड चालली होती; दिवस कसे होते ते आमच्या पिढीला सांगायला नको. गावात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कोण कुठं चाललं, कुणाकडं कोण उतरलं, हे ज्याच्या त्याच्या पोटात राही. अशा दिवसांत आमच्याच घरातून तेवढे ओरडण्याचे आवाज येत. जायच्या आधी भाऊजी रजा काढून घरी आले, आणि येताना एक मायक्रोफोन घेऊन आले.

तो त्यांनी सासूबाईंच्या डोक्याशी असलेल्या कोनाड्यात ठेवला. मला समोरच्या भिंतीशी बसवलं आणि म्हणाले, "वहिनी, काहीबी वाचा. तपासणी करून राह्यलो."

घरात पंचांगाशिवाय काही नव्हतं. मी रोज दुपारी भांडी झाल्यावर पंचांग वाचू लागले. तिथी, नक्षत्र, राहुकाळ. भाऊजी सासूबाईंच्या शेजारी बसून सांगत, "जरा वर घ्या. एवढं न्हाई. खाली या. आता शब्द सुटे करा. दम राखून. हां, इथं सरळ. इथंच राहा." माझे यजमान एकदा हौसेनं बसले, तर भाऊजींनी त्यांना तिसऱ्या ओळीला उठवलं. "दादा, तुझं सुरुवातीलाच चेपलेलं हाय."

मला राग यायचा. लोकांची झोप उडालेली, आणि यांना यंत्राची पडली होती. पण रजा संपेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. शेवटी शेवटी ते काही सांगायचेही नाहीत. मी आपोआप त्या आवाजावर जाऊन बसायची. ते गेले तेव्हा मायक्रोफोन कोनाड्यातच राहिला. मी मोकळी झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंशी पुन्हा ओरडून बोलू लागले. सवयच तशी होती.

पावसाळा सरत आला आणि यजमानांनी ठरवलं की इथं राहायचं नाही. माझं माहेर देऊळगाव राजाचं, वऱ्हाडात, संस्थानच्या हद्दीपलीकडं. लग्नाला चाललो असं सांगून भरदुपारी, उघड्यावर, गाडी जोडायची. म्हणजे कुणाला संशय येणार नाही. सामान लग्नाला नेतात तेवढंच. सगळं जमलं होतं. गाडी दाराशी लागली आणि सासूबाई जागच्या हलेनात.

त्यांना खुणांनी एवढंच कळलं होतं की घर सोडायचंय. "रघू आल्याबिगर मी उंबरा वलांडणार न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यो आला आन् घराला कुलूप दिसलं मंग?"

यजमान त्यांच्या कानाशी वाकले आणि छाती भरून घेतली. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवायची ती माझी पहिली वेळ. गल्लीत माणसं उभी होती. सासूबाईंना खरं कारण सांगायचं तर ओरडावं लागणार होतं, आणि ओरडलो तर लग्नाचं सोंग दारातच संपणार होतं. उचलून गाडीत घालावं तर त्यांनी आरडाओरडा केला असता. यजमान भिंतीला टेकून उभे राहिले.

काही सुचेना म्हणून मी कोनाडा आवरायला घेतला. मायक्रोफोन उचलला. त्याची वायर मागून भिंतीच्या फटीत गेलेली होती. ओढली तर हातभर तुकडा हातात आला. पुढं काही नव्हतं. ती वायर कशालाच जोडलेली नव्हती. भाऊजींनी माझा आवाज इतके दिवस कुठल्याच यंत्रात घातला नव्हता. त्या कोनाड्याखाली दुसरं ऐकणारं एकच होतं.

मी जाऊन समोरच्या भिंतीशी बसले. पंचांगाचा आवाज लागायला क्षणभर गेला. मग म्हणाले, "आत्याबाई, लग्नाला चाललो हे नुसतं लोकांना सांगायचं. आपण माझ्या माहेरी राहायला चाललो. इथं दिवस बरे न्हाईत. भाऊजींना येता येत न्हाई. शेठजींना सांगून ठेवलंय, ते भाऊजींना आपला पत्ता देतील."

गल्लीतल्या कुणी मान वळवली नाही. सासूबाईंनी वळवली. त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"असं बोलता येतं तुला?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावून राह्यलीस. लगीन होऊन आलीस तवापासून."

मला रडू आलं. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो, आणि या बाईनं माझा प्रत्येक शब्द शिवीसारखा ऐकला होता. भाकरी वाढू का, हासुद्धा. त्यांनीच उठून आपलं गाठोडं काखेत मारलं आणि यजमानांना विचारलं, "चला की. थांबलाव कशाला?"

हद्दीच्या नाक्यावर शिपायांनी गाडी अडवली. कुणाचं लग्न, कुठं, विचारलं. सासूबाईंना प्रश्न ऐकू आले नाहीत, आणि मी मागे वळून त्यांना त्याच आवाजात सांगितलं, "लग्नाचं इचारून राह्यलेत." त्यांनी पदर सावरला आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची इतकी बारीक हकीकत सांगितली की मलाच ती खरी वाटायला लागली. आम्हाला जाऊ दिलं.

हद्द ओलांडल्यावर त्या बोलायला लागल्या. किती बोलल्या म्हणून सांगू. बदनापूरचं शेत, त्यांचं लग्न, दोन्ही मुलांची बाळंतपणं. मी उत्तरं देत होते आणि त्यांना ती पोचत होती. मध्येच त्या म्हणाल्या, "तू पंचांग वाचायचीस ते समदं ऐकू यायचं मला. रघू हळूच इचारायचा, आलं का ऐकू? मी मान हलवायची."

"मंग तवाच का न्हाई बोललात, आत्याबाई?"

"ते माझ्याशी कुठं होतं? तू त्याच्या यंत्राशी बोलायचीस."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. यजमान गाडीवानाशी पुढं बसून तंबाखू मळत होते. मला वाटलं, सासूबाईंना झोप लागली. मग त्यांनी माझा हात धरला.

"मला आता तू हायेस," त्या म्हणाल्या. "त्याला कोण हाय तिकडं बोलायला?"

हैदराबादेत भाऊजी कुठल्याशा खोलीत एकटे राहत होते, एवढंच मला माहीत होतं. त्यांची थट्टा आम्ही सगळ्यांनी केली. त्यांना कसं वाटतं हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "येतील ते, आत्याबाई."

त्यांना ऐकू आलं. गावापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.