हिरव्या सायकलवरची कवळी

"कवळी मिळाली का?" बायकोने फोनवर विचारलं.

"मिळाली. डबी सायकलच्या टोपलीत आहे. आलोच," जावई म्हणाला.

सासऱ्यांची कवळी आदल्या दिवशी तडकली होती, आणि नेमकं आज अकरा वाजता वाचनालयाच्या उद्घाटनाला त्यांचं भाषण होतं. आठवडाभर आरशासमोर तालीम चालली होती. दुरुस्त कवळी आणायचं काम जावयाकडे आलं, ते केवळ दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासरे त्याच्यावर साधं दाराला कुलूप लावायचं कामही सोपवत नसत. आज एकदा तरी नाव काढायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

वाटेत तो गुच्छ घ्यायला थांबला. सायकल सार्वजनिक, कार्ड दाखवून कुठल्याही स्टँडवरून उचलायची, कुठल्याही स्टँडवर सोडायची. त्याने ती स्टँडला लावली आणि जागा धरावी तसा सीटवर रुमाल टाकून दुकानात शिरला. बाहेर आला तर सायकल गायब.

"माझी सायकल कुठाय?"

"कुठली?" स्टँडच्या रखवालदाराने विचारलं.

"हिरवी."

"साहेब, सगळ्याच हिरव्या आहेत."

"अहो, मी रुमाल टाकला होता!"

"हा घ्या की. नर्सबाईंनी घडी घालून दिलाय. दवाखान्याच्या स्टँडकडे गेल्या त्या."

जावयाने दुसरी हिरवी सायकल काढली आणि धापा टाकत दवाखाना गाठला. तिथला रखवालदार म्हणाला, "बाई आत्ताच परत गेल्या. टोपलीत कुणाचे तरी दात निघाले म्हणून घाबरल्या बिचाऱ्या."

जावई उलट फिरला.

"अहो, आल्या होत्या!" पहिला रखवालदार कपाळावर हात मारत म्हणाला. "तुम्ही दवाखान्याकडे गेलात म्हणून मीच पाठवलं त्यांना."

तेव्हा जावयाला आठवलं. वाटेत समोरून येणारी एक बाई जोरजोरात घंटी वाजवत होती, आणि त्याने अदबीने कडेला होऊन तिला वाट दिली होती.

आता पुन्हा निघालं तर पुन्हा चुकामूक व्हायची. कुणीतरी एकाने एका जागी बसायला हवं. तो गुच्छ मांडीवर घेऊन बसला. तिकडे नर्सबाईही समजूतदार निघाल्या. त्याही बसून राहिल्या. अकरा वाजून गेले.

"दोघंही शहाणी असली की असं होतं," म्हणत शेवटी रखवालदारानेच सायकल काढली. "तोवर तुम्ही स्टँड सांभाळा."

तेवढ्या वेळात एका आजोबांनी चाकात हवा नाही म्हणून जावयाला झाप झाप झापलं. आजचा दिवसच तसा होता.

साडेअकराला डबी हातात आली. तो सभागृहाच्या दारात पोचला तेव्हा आत टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

"बाबा बोलले?" त्याने बायकोला विचारलं.

"बोलले. चार वाक्यं. एकही कुणाला कळलं नाही. अध्यक्ष म्हणाले, भावना अनावर झाल्यामुळे शब्द फुटेनात. लोक उभेच राहिले!"

व्यासपीठावर सासरे तोंडाला रुमाल लावून भांबावल्यासारखे लोकांकडे पाहत होते. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई समोर येताच त्याने मान खाली घातली.

"चुकलं माझं, आई. ही कवळी."

सासूबाईंनी डबी घेतली, पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"दीड तासाचं भाषण पाठ केलं होतं यांनी," त्या हळूच म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच कुणी झोपलं नाही. ही जेवायला बसल्यावर देईन त्यांना. आणि जावईबापू, यापुढे कार्यक्रम असला की कवळी तुम्हीच आणायची. हो, सायकलनेच."