तळ्यातलं धन

कोरे सरांबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. त्यांच्या निरोप समारंभात मला बोलायला सांगितलं, तेव्हा घसा बसल्याचं कारण दिलं. घसा ठणठणीत होता.

कोरे सर सापडलेली वस्तू जिभेला लावून बघत. चिकटली तर जुनं हाड, नाही चिकटली तर दगड. पुरातत्त्वातली ही साधी परीक्षा. पण स्टाफरूममध्ये, ऐन चहाच्या वेळी, ती बघवत नसे. आमचा शिपाई बाबुराव एकदा सरळच म्हणाला, "सर, तुमचा कप आजपासून येगळा. कोणत्या राजाचं हाड चाटून आलात, काय सांगावं!"

"राजाचं न्हाई बे, म्हशीचं हाय," कोरे सर समजावत म्हणाले. "पर लई जुन्या म्हशीचं."

आमचं कॉलेज साखर कारखान्याच्या संस्थेचं, केज तालुक्यातलं. मी इतिहासाचा विभागप्रमुख, ते माझ्या हाताखाली. पगार झाला की ते पुण्याहून नवी पुस्तकं मागवत: उत्खननांचे अहवाल, नकाशे, खापरांची चित्रं. पार्सल फोडून आधी वास घेत, मग माझ्यासमोर पानं उलटत. "बघा सर, रांजणाचा काठ! आपल्या हिकडं अस्साच सापडतो." मी "हं" म्हणायचो आणि माझ्या पिवळ्या पडलेल्या नोट्स पुढे ओढायचो. त्या नोट्सना बसस्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात एके काळी रांग लागे. एक दिवस दुकानदार म्हणाला, "सर, पोरं आता कोरे सरांचं मागतेत." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग तो दुष्काळ आला. ऊस नव्हता, कारखान्याचा भोंगा बंद. गावाबाहेरचं तळं पार आटलं आणि भेगाळलेल्या तळाशी जुन्या वस्तीची खापरं उघडी पडली. आम्ही टँकरची वाट बघत असू, तेव्हा कोरे सर मुलांना घेऊन तळ्यात उतरत. खणत नसत. जिथलं खापर तिथंच ठेवून चित्र काढत, जागा टिपत. त्यावरून बी.ए.च्या वर्गासाठी ते मराठीत पुस्तक लिहीत होते. "आपल्या पोरांना दुसऱ्याच्याच गावचं कावून शिकवायचं, सर?" काळं-तांबडं खापर दिसलं की ओरडत, "धन हाय रे, धन! लई धन हाय हितं!"

माझ्या वर्गात अर्धी बाकं रिकामी असत. कोरे सरांच्या मागे मुली डोक्यावर ओढणी घेऊन उन्हात हिंडत. मी बांधावरून बघायचो.

एकदा कारखान्याच्या ऑफिसात चेअरमनसाहेबांनी सहज विचारलं, "गुरुजी, ते तुमचे कोरे तळ्यात काय करतेत हो?"

"ते म्हणतात, तिथं लई धन आहे," मी म्हणालो.

यात एक शब्दही खोटा नव्हता. ते धन कशाला म्हणतात, तेवढं सांगितलं नाही. साहेबांभोवती माणसं बसलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी तळ्यात टिकाव-फावडी उतरली. कोणी नारळ फोडून खड्डा घेतला, कोणी लिंबू कापून. आठवड्याभरात तळ्याची चाळण झाली. मोहरांचा हंडा सोडाच, फुटका पैसा कुणाला मिळाला नाही. खापरांचा मात्र चुरा झाला. संस्थेनं कोरे सरांना तळ्यावर जायची बंदी केली. "कोणतं खापर कोणत्या जागेचं, आता कसं सांगू सर?" एवढंच ते म्हणाले. पुस्तक तिथंच थांबलं. आणि मला बरं वाटलं.

गेल्या पावसाळ्यात युसूफ वडगाव या त्यांच्या गावी, कोरे सरांच्या घरी गेलो. वहिनी वारल्यापासून एकटेच असतात. चहा त्यांनीच केला.

"कुणी येत न्हाई, सर," ते म्हणाले. "धन शोधणारा मास्तर म्हणून समदं कॉलेज हसलं मला. तुमी एकटे कधी हसला न्हाईत. लई आधार होता त्याचा."

हसलो नव्हतो हे खरं. हसण्याइतकं हलकं मला त्यांना कधी समजताच आलं नाही.

मी कप खाली ठेवला. "कोरे, ते तळ्याचं..."

"भरलंय की औंदा!" त्यांचा चेहरा उजळला. "काठोकाठ! जायचं का बघायला?"

"चला," मी म्हणालो, आणि चपला शोधू लागलो.